पहिल्यांदाच बोटीत बसताय? आधी धक्क्यावर थांबून हे पाहा

मालवणला सुट्टीसाठी आलेलं कुटुंब, भिगवणला रोहित पक्षी बघायला उजनीच्या पाण्यावर निघालेली मंडळी, बामणोलीहून लाँचने वासोट्याकडे जाणारा तरुणांचा गट, गोव्यात ‘डॉल्फिन ट्रिप’ची तिकिटं काढून उभे असलेले मित्र. यांच्यापैकी कुणालाही बोट चालवायची नसते, फक्त बसायचं असतं. त्यामुळे सुरक्षिततेचं सगळं बोटवाला बघेल असं आपण धरून चालतो. बोटवाला बघतोच, कारण त्याचाही जीव त्याच बोटीत असतो. पण बोटीत किती माणसं चढली, लाइफ जॅकेट कुणी घातलं आणि कुणी मांडीवर ठेवलं, दुपारी वारा सुटल्यावरही निघायचं की नाही, या गोष्टींत प्रवाशाचा शब्द चालतो, आणि तो बोट सुटायच्या आधीच चालतो. एकदा दोर सोडला की तुमच्या हातात फारसं काही राहत नाही. म्हणून या लेखात धक्क्यावरच्या दहा-पंधरा मिनिटांवर जास्त लिहिलं आहे. पोहता येत असो वा नसो, ती मिनिटं सगळ्यांना सारखीच उपयोगी आहेत.

आधी समजून घ्या: बोट उलटते कशी

बोट एका बाजूला कलली की ती बाजू पाण्यात जास्त बुडते. तिथे पाण्याचा वरचा रेटा वाढतो आणि बोट परत सरळ होते. हा डोल नेहमीचाच आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. मात्र बोट सरळ व्हायची तर तिच्यातलं वजन खाली आणि मध्यभागी असावं लागतं. माणसं उभी राहिली किंवा टपावर चढली की वजन वर सरकतं. सगळे एकाच कठड्याला गेले की ते बाजूला सरकतं. दोन्ही एकदम झालं तर काठ पाण्याला टेकतो, पाणी आत येतं, आणि मग बोट सरळ होण्याऐवजी आणखी कलत जाते.

३० सप्टेंबर २००९ ला केरळात थेक्कडीच्या तलावात हेच घडलं. काठावर जनावरं दिसली, ती बघायला प्रवासी एका बाजूला सरकले, दुमजली पर्यटक बोट उलटली आणि ४५ माणसं गेली. १३ जानेवारी २०१८ ला डहाणूच्या समुद्रात महाविद्यालयीन मुलामुलींची बोट उलटून तीन मुलींचा मृत्यू झाला. सेल्फीसाठी एका बाजूला गर्दी झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. यात कुणी वेडं धाडस केलं नव्हतं. बघण्यासारखं काही दिसलं की माणूस उठून तिकडे जातो, तेवढंच तिथे झालं होतं.

आता जास्त माणसांचा प्रश्न. क्षमता तीसची असताना चाळीस घेतले तर बोट लगेच बुडत नाही, आणि म्हणूनच ही सवय अंगवळणी पडते. होतं असं की प्रत्येक जादा माणसागणिक बोट थोडी खाली बसते आणि काठ व पाणी यांच्यातलं अंतर कमी होतं. तेवढ्याच अंतरावर लाट अडायची असते. शांत पाण्यात फेरी नीट पार पडते, दहा वेळा पार पडते, आणि अकराव्या वेळी शेजारून वेगाने गेलेल्या दुसऱ्या बोटीची लाट आत येते. केरळातच तानूरला ७ मे २०२३ रोजी अशाच खच्चून भरलेल्या बोटीत २२ जण गेले. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला सहलीच्या बोटीतली १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. तिथेही क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हती.

तिसरी गोष्ट नव्या माणसाच्या लक्षातच येत नाही: बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी. ताटात पाणी घेऊन चालून बघा. ताट जरा कललं की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि ताट आणखी कलतं. बोटीतलं पाणीही असंच कलत्या बाजूला धावतं. पायाशी घोटाभर पाणी असलेली बोट कोरड्या बोटीपेक्षा कितीतरी लवकर उलटते. बसायच्या आधी तळाकडे नजर टाका. थोडी ओल चालते. पाणी हलताना दिसत असेल तर ते आधी उपसायला सांगा.

घरून निघण्याआधी: महिना, तिथी आणि वेळ

कोकण किनाऱ्याला समुद्राचा हंगाम असतो. पावसाळ्यात पर्यटनाच्या होड्या आणि जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. यांत्रिक मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ वाहतात आणि मगच नावा पाण्यात घालतात, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. नव्या माणसाने नोव्हेंबर ते मार्च हा काळ निवडावा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याबद्दल मी विशेष सांगेन, कारण शाळांच्या सुट्ट्या संपत आलेल्या असतात आणि ‘एवढं आलोच आहोत तर’ म्हणून माणूस हट्ट धरतो. तोवर समुद्राची लाट बदललेली असते. तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक दगावले ती तारीख होती २४ मे २०२२.

धरणाच्या पाण्याला लाट कसली, असं देशावरच्या लोकांना वाटतं. ते खरं नाही. पाणी जितकं लांबवर उघडं, तितकी वाऱ्याला लाट उठवायला जागा मिळते, आणि उजनीचा पसारा मोठा आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग जमतात, आणि पावसाच्या आधी वाऱ्याचा जो झोत येतो तो काही मिनिटांत पाण्याचं रूप पालटून टाकतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, एक जण पोहून काठाला लागला. शिवाय उन्हाळ्यात धरणाची पातळी उतरते तसे खालचे जुने वाडे, भिंती आणि झाडांचे बुंधे पृष्ठभागाजवळ येतात. पळसदेवचं बुडालेलं मंदिर पाणी ओसरलं की वर येतं, ते बघायला लोक हौसेने जातात. पण मंदिर दिसतं, अर्धा हात पाण्याखाली राहिलेली भिंत दिसत नाही. अशा पाण्यात वाट माहीत असलेला स्थानिक नावाडीच हवा, आणि त्याने वेगाने जाऊ नये.

वेळ सकाळची निवडा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे कामाला येतात. रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी बहुधा शांत राहतं. जमीन तापली की दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि पाणी खवळायला लागतं. म्हणून बोटीचं काम सकाळी अकरा-बारापर्यंत उरकावं. किल्ला, देऊळ, जेवण, बाजार हे सगळं दुपारसाठी ठेवता येतं.

भरती-ओहोटीचा अंदाज कालनिर्णयावरूनही बांधता येतो. कोकणातला जुना हिशेब असा: त्या दिवशीची तिथी, शुद्ध असो की वद्य, पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमाराला, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून अचूक वेळ स्थानिकांना विचारायचीच. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, त्या दिवसांत पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि ओढही जोरात असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ती सौम्य.

हे माहीत असण्याचा खरा उपयोग खाडीच्या मुखाशी होतो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे संगम बघायला होड्या जातात. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं आणि दुपारचा वारा आत ढकलत असतो, तेव्हा दोन्ही एकमेकांवर आदळून आखूड, उभ्या, फुटणाऱ्या लाटा तयार होतात. त्याच जागी सकाळी भरतीच्या वेळी पाणी काचेसारखं दिसलेलं असतं. कोणत्याही खाडीच्या मुखाशी जाणार असाल तर ‘आत्ता ओहोटी लागली आहे का?’ एवढं विचाराच.

भारतीय हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा उंच लाटांचा इशारा फोनवर मोफत बघता येतो. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असं सांगितलेलं असेल त्या दिवशी सहलीच्या बोटीत बसायचं नाही. इशारा नसेल तरी धक्क्यावर उभं राहून लांबवर पाहा. पाण्यावर जागोजागी पांढरा फेस फुटत असेल तर वारा लहान बोटीसाठी जास्त आहे.

धक्क्यावर: बोट आणि माणूस पारखा

बोटीच्या अंगावर नोंदणी क्रमांक आणि प्रवासीक्षमता रंगवलेली असायला हवी. ती वाचा आणि चढणारी डोकी मोजा. लहान मुलंही मोजायची, मांडीवर बसवलेलं मूल हिशेबातून गळतं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणि खाड्यांत या बोटींवर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची देखरेख असते, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याची. अंतर्देशीय पाण्यासाठी २०२१ चा नवा कायदा आहे आणि त्यातही नोंदणी, तपासणी आणि विमा ही जबाबदारी बोटमालकावरच टाकलेली आहे. क्रमांकच नसलेल्या बोटीत बसू नका, कितीही स्वस्त असली तरी.

मग तांडेलाशी, म्हणजे बोट चालवणाऱ्याशी, दोन शब्द बोला. चौकशीचा सूर नको, गप्पांचा ठेवा. “मामा, वल्ही, नांगर आहेत ना बोटीत? इंजिन बंद पडलं तर काय करता?” चांगला तांडेल याचं उत्तर खुशीने देतो. इंजिन बंद पडणं हा स्वतः मोठा अपघात नाही. पण बंद पडलेली बोट लाटेला आडवी होते, आणि आडव्या बोटीला लाट सहज उलटवते. नांगर टाकला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, लाटेकडे राहते. म्हणून नांगर आणि त्याला बांधलेला पुरेसा लांब दोर हवाच. बोलताना त्याच्या तोंडाला दारूचा वास आला तर तिथूनच मागे फिरा.

पेट्रोल भरणं चालू असेल तर भरून होईपर्यंत बोटीबाहेर थांबा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साठते आणि ठिणगीने पेटते.

गर्दी दिसली तर काय म्हणायचं हे आधीच ठरवून ठेवा, कारण ऐनवेळी भीड आडवी येते. मागे रांग असते, बरोबरची मंडळी ‘चल ना’ म्हणत असतात, पैसे भरलेले असतात. “दादा, आम्ही पुढच्या फेरीला येतो” हे वाक्य पुरतं. त्यात कुणाचा अपमान नाही, वादही नाही. घरातल्या एका मोठ्या माणसाने हे काम आपल्याकडे घ्यावं आणि बाकीच्यांनी त्याचं ऐकावं, असं निघण्यापूर्वी ठरलेलं असेल तर फार सोपं जातं.

जॅकेट: अंगात, बंद करून, धक्क्यावरच

अमेरिकेचं तटरक्षक दल दरवर्षी सहलीच्या बोटींच्या अपघातांचा अहवाल काढतं. २०२३ च्या अहवालात ५६४ मृत्यू नोंदले आहेत. मृत्यूचं कारण समजलं त्यांतले तीन चतुर्थांश बुडून झालेले, आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांनी जॅकेट घातलेलं नव्हतं. आपल्याकडचं चित्र वेगळं असेल असं मानायला काही आधार नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जण गेले. आपल्या अंगावर जॅकेट नव्हती, असं वाचलेल्या प्रवाशांनी सांगितलं. त्या प्रवाशांची स्वतःची काहीच चूक नव्हती, समुद्रही शांत होता. धडक कुठून येईल हे प्रवाशाला ठरवता येत नाही, जॅकेट घालायचं की नाही हे ठरवता येतं.

‘बोट हलायला लागली की घालू’ हा विचार सोडा. उलटणाऱ्या बोटीत जॅकेट शोधून, डोक्यातून घालून, पट्टे लावायला वेळ मिळत नाही. पाण्यात पडल्यावर घालणं तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जड जातं.

हातात दिलेलं जॅकेट तपासा. फोम दाबून चपटा झाला असेल, कापड उसवलं असेल, बकल तुटलं म्हणून नाडीने गाठ मारलेली असेल, तर दुसरं मागा. सगळे पट्टे आवळल्यावर कुणाला तरी खांद्यापाशी धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत सरकलं तर सैल आहे, पाण्यात ते असंच वर येईल आणि माणूस खालून निसटेल. लहान मुलांच्या बाबतीत ही चाचणी टाळू नका. मुलांसाठी त्यांच्या वजनाचं जॅकेट लागतं, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावायचाच. मोठ्यांचं जॅकेट घट्ट बांधून मुलाला घातलं, हा उपाय नव्हे. मुलाच्या मापाचं नसेल तर त्या मुलाने बोटीत बसू नये आणि त्याच्याबरोबर एका मोठ्याने काठावर थांबावं. मानेमागे कॉलर असलेलं जॅकेट बरं, कारण शुद्ध हरपली तर डोकं पाण्याबाहेर राहायला त्याची मदत होते.

चढणं आणि बसणं

सगळेच अपघात उलटण्याचे नसतात. धक्का आणि बोट यांच्या फटीत बोटं चेंगरणं, पाय घसरून फटीत पडणं, हे फार वेळा होतं. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जाताना किल्ल्याच्या पायऱ्यांशी होडी वरखाली होत असते, तिथे नवा माणूस घाई करतो. होडी वर येऊन क्षणभर स्थिरावते तेव्हा पाऊल टाकायचं. खलाशाचा पंजा धरण्यापेक्षा एकमेकांचं मनगट धरा, ओल्या हातातून पंजा सुटतो, मनगट सुटत नाही. दोन्ही हात मोकळे हवेत. मोबाईल खिशात, पिशवी आधी हातोहात पुढे द्यायची. बोटीच्या मध्यावर पाय ठेवायचा, काठावर नाही. एका वेळी एकच माणूस.

बोटीत बसल्यावर पाठीवरची सॅक काढून ठेवा. वासोट्याला जाणारी मुलं छातीवरचे पट्टेसुद्धा न सोडता बसलेली दिसतात, आणि भरलेली सॅक घेऊन पाण्यात पडलेल्या माणसाला वर येणं अवघड होतं. साडीचा पदर खोचून घ्या, ओढणी काढून पिशवीत ठेवा. बुटांच्या नाड्या सैल केलेल्या बऱ्या.

जागा उघड्यावरची, बाहेर पडायची वाट जवळ असलेली निवडा. खालच्या मजल्यावरची काचबंद खोली आरामाची वाटते, पण बोट उलटली की तिथून निघणं कठीण, आणि अंगातलं जॅकेटच तुम्हाला छताकडे दाबून धरतं. म्हणून जॅकेट घालून उघड्या जागी बसा. मुलं मध्ये, दोन मोठ्यांच्या मधोमध. स्पीडबोटीत पुढची जागा तरुणांना आवडते, पण लाटेवरून उडालेली बोट आदळते ती पुढेच. त्या आपटीने पाठीचा मणका मोडल्याची उदाहरणं आहेत. वयस्कर माणसं, गरोदर स्त्रिया आणि पाठदुखीचे रुग्ण यांनी मागच्या बाजूला बसावं. गरोदरपणात स्पीडबोट टाळलेलीच उत्तम.

पाण्यावर असताना

बसून राहा. डॉल्फिन दिसला, मगर दिसली, किल्ल्याचा बुरूज दिसला तरी बसून. ज्या बाजूला दिसलं त्या बाजूचे बघतील, मग तांडेलाला बोट वळवायला सांगा, दुसऱ्या बाजूचे बघतील. फोटोसाठी सगळ्यांना एका कठड्याला उभं करू नका. हात बाहेर लोंबकळत ठेवू नका. बोटीत दारू नको, आणि आधी पिऊनही बसू नका: उन्हात आणि डोलणाऱ्या बोटीत ती लवकर चढते, तोल जातो, आणि पडल्यावर हातपाय वेळेवर हलत नाहीत.

लाटा वाढल्या, आकाश काळवंडलं, पायाशी पाणी वाढताना दिसलं, तर तांडेलाला परत फिरायला सांगायला संकोच करू नका. फेरी अर्धी राहिली तरी चालेल. अशा वेळी नाळ लाटेकडे ठेवून सावकाश जावं लागतं, आणि तुमचं काम म्हणजे खाली, मधे बसून त्याला ते करू देणं.

किनाऱ्याजवळ आल्यावर सैल पडू नका. लाटा फुटतात तो पट्टा किनाऱ्यालगतच असतो. २५ डिसेंबर २०२४ ला कळंगुटला पर्यटक बोट उलटली ती किनाऱ्यापासून फार लांब नव्हती. एकाचा जीव गेला, वीस जणांना वाचवण्यात आलं. वाळूला बोट लागेपर्यंत जॅकेट काढायचं नाही आणि उठायचं नाही.

जेट-स्की आणि बनाना राईडबद्दल थोडक्यात. जेट-स्की पाण्याच्या झोतावर वळते, त्यामुळे घाबरून थ्रॉटल (वेग देणारी कळ) सोडली की ती वळतच नाही, सरळ पुढे जाते. समोर काही आलं तर थ्रॉटल थोडी दाबून ठेवूनच वळवावी लागते. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी. बनाना राईड काही ठिकाणी मुद्दाम उलटवतात. तुम्हाला ते नको असेल तर आधीच बजावून सांगा. आणि कोणत्याही बोटीतून पाण्यात उतरताना किंवा परत चढताना इंजिनाचा पाण्यातला पंखा पूर्ण थांबलेला असला पाहिजे, ‘न्यूट्रलला आहे’ यावर समाधान मानू नका, इंजिन बंद करायला सांगा.

बोट उलटलीच तर

पाण्याखाली गेलात तर तोंड बंद ठेवा आणि हाताने बोटीचा काठ चाचपा. वर बोट असेल तर काठाखालून बाजूला सरकून बाहेर या. बाहेर आल्यावर बोटीला धरून राहा. उलटलेली लाकडी किंवा फायबरची बोट बहुधा तरंगत राहते, आणि शोधणाऱ्यांना पाण्यातल्या एकट्या डोक्यापेक्षा ती फार लवकर दिसते. किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत सुटू नका. पाण्यावरून अंतर कमी भासतं, आणि ओढ कोणत्या दिशेला आहे ते कळत नाही. बोट खडकावर किंवा फुटणाऱ्या लाटांत चालली असेल तरच तिला सोडायचं.

हाका मारून आपली माणसं मोजा. जॅकेटवाल्यांनी एकमेकांचे दंड धरून घोळका करा, मुलं मध्ये घ्या. जॅकेट नसलेल्याला झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन, बर्फाची पेटी, काहीही तरंगणारं द्या.

बुडणारा माणूस सिनेमात ओरडतो, हात हलवतो. प्रत्यक्षात बहुतेकदा तो गप्प असतो. तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे, हात बाजूंनी पाणी खाली दाबताहेत, हाकेला उत्तर नाही. असं कुणी दिसलं की हातात काही सेकंदच आहेत असं समजा. तरीही त्याच्याजवळ रिकाम्या हाताने पोहत जाऊ नका, तो धरतो आणि दोघंही जातात. वल्हं पुढे करा, दोर किंवा बोया फेका, ओढणी-साडीसुद्धा चालते.

मोबाईल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गळ्यात असेल तर समुद्रातून १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक किंवा १०९३ हा सागरी पोलिसांचा क्रमांक लावा, कुठेही ११२ चालतो. जागा, माणसांची संख्या आणि बोटीचा रंग, एवढं आधी सांगा. मदत जवळ असण्याने किती फरक पडतो ते मांडव्याजवळ दिसलं होतं: १४ मार्च २०२० ला एक प्रवासी बोट बुडू लागली, आणि जवळच असलेल्या पोलिसांच्या गस्ती बोटीने ८८ जणांना सुखरूप काढलं. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या किंवा घरच्या कुणाला तरी ‘अमुक बोटीने, अमुक वाजता परत’ एवढा निरोप ठेवा, म्हणजे उशीर झाला तर शोध लवकर सुरू होतो.

पाण्यातून काढल्यावर

बुडालेल्या माणसाला उलटं टांगणं, गोल फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं हे आपल्याकडे अजून सर्रास चालतं. ते करू नका. त्यात वेळ जातो, आणि पोटातलं पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. माणूस शुद्धीवर नसेल आणि श्वास नीट चालू नसेल तर त्याला कडक, सपाट जागेवर उताणं झोपवा. हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा, आपलं तोंड त्याच्या तोंडावर घट्ट लावून छाती उचललेली दिसेल असे दोन श्वास द्या. मग छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी तीस वेळा दाब द्या, मोठ्या माणसाला पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. परत दोन श्वास, परत तीस दाब. बुडालेल्याला हवाच मिळालेली नसते, म्हणून इथे श्वास वगळायचे नाहीत. दुसऱ्याला १०८ वर फोन करायला लावा, पण वैद्यकीय मदत हाती येईपर्यंत तुम्ही थांबू नका. दमलात तर दुसऱ्याने हात लावावेत.

श्वास चालू असेल पण शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा. ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा.

पाणी नाकातोंडात गेलेला माणूस उठून बसला, बोलू लागला, चहा मागू लागला, तरी त्याला सरळ रुग्णालयात न्या. फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. खोकला थांबत नाही, धाप लागते, मूल सुस्त पडतं किंवा ओठ निळसर दिसतात, तर तो त्रास सुरू झालेला असतो. डॉक्टर काही तास देखरेखीखाली ठेवतील, तेवढे तास थांबा. परतीची गाडी चुकली तरी चुकू द्या.